नार्नीचा पूल, दोनदा

निसर्गचित्र बाहेर बसून शिकायचं की खोलीत बसून, हा चित्रकारांमधला जुना वाद. आर्ट कॉलेजच्या कट्ट्यावर, प्रदर्शनाच्या दालनात, चहाच्या टपरीवर तो मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलो आहे. इथे तो दोघांच्या तोंडी घातला आहे. एक सर. कंपोझिशन शिकवण्यात त्यांची हयात गेली. माध्यम तैलरंग, आणि जुन्या युरोपीय चित्रांवर अपार श्रद्धा. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिला सगळे ताई म्हणतात. जलरंगवाली, भल्या पहाटे मेणवलीच्या घाटावर बोर्ड मांडून बसणाऱ्यांपैकी. सरांसमोर ती अजूनही अवघडून बसते, पण एकदा बोलायला लागली की माघार घेत नाही.

विषय निघाला तो अभिजात निसर्गचित्राचा. सतराव्या शतकात रोममध्ये राहून क्लोद लोरँने या प्रकाराला जे रूप दिलं, त्याच्यावर पुढची दोनशे वर्षं युरोप चालला. पुढे एका कडेला काळपट झाड, मध्ये पाण्याचा पट्टा किंवा पूल, आणि त्यामागे उजेडात विरत जाणारा मुलूख. कॅनव्हास हातभर उंचीचा असला तरी नजर दहा मैल आत जाते. नवशिक्याने ही हवा कुठून आणायची, असा प्रश्न होता.

सर : क्लोदची नावाजलेली चित्रं खोलीत रचलेली आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. झाड एका ठिकाणचं, देऊळ दुसऱ्या ठिकाणचं, नदी तिसरीकडची. दिसलं ते उतरवलं, असं त्यात काही नाही. म्हणून मी मुलांना आधी रचना देतो. पुढची जमीन तपकिरी आणि गडद, मधली हिरवी, दूरची निळी. फ्लेमिश चित्रकारांनी सोळाव्या शतकातच हा क्रम बसवला होता.

ताई : आणि त्याच क्रमामुळे आपल्या प्रदर्शनांतली निम्मी निसर्गचित्रं एकमेकांची भावंडं वाटतात. रचना नको असं मी म्हणतच नाही, सर. पण क्लोदच्या त्या खोलीत हवा आली कुठून? योआखिम फॉन सांद्रार्ट म्हणून त्याचा जर्मन चित्रकार मित्र होता. त्यानं १६७५ साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की क्लोद पहाट व्हायच्या आधीपासून रात्र पडेपर्यंत माळावर पडून असायचा. उगवतीची लाली, मावळतीचा उजेड बघत राहायचा, दिसलेल्या छटा जुळवून रंग कालवायचा आणि मग घरी जाऊन ते चित्रात लावायचा.

सर : बघ, तूच म्हणालीस. लावायचा घरी.

ताई : पण कालवायचा माळावर. तुमची मुलं कालवतात तेही घरीच, पुस्तकातल्या छापील चित्रावरून. त्या निळ्यात क्लोद किती आणि छापखाना किती, कोण सांगणार?

सर : छापील तर छापील. नक्कल केल्याशिवाय हात तयार होत नाही. इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल घे, तुझ्या बाहेर बसणाऱ्यांचा मूळपुरुष. तरुणपणी त्यानं काय केलं? सर जॉर्ज बोमंट नावाच्या रसिकाकडे क्लोदचं हागार आणि देवदूताचं छोटं चित्र होतं. बोमंटचा त्या चित्रावर इतका जीव, की प्रवासातही ते बरोबर न्यायचा. कॉन्स्टेबलनं त्याची नक्कल केली. अंतर म्हणजे काय, हे तो क्लोदकडून शिकला.

ताई : आणि पुढे त्याच बोमंटशी वाद घातला, ते का गाळता? बोमंटचं म्हणणं, निसर्गचित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी हवा. कॉन्स्टेबलनं काही उत्तर दिलं नाही. घरासमोरच्या हिरवळीवर एक जुनं व्हायोलिन नेऊन ठेवलं, म्हणाला बघा. तपकिरी कुठे, हिरवळ कुठे! बोमंट ज्याला क्लोदचा रंग समजत होता, त्यातला बराचसा पिवळा पडलेल्या व्हार्निशचा होता. मग कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडच्या टेकडीवर नुसते ढग रंगवत बसला, आणि कित्येक चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठल्या दिशेचा, तेही लिहून ठेवलं.

व्हायोलिनची ही गोष्ट कॉन्स्टेबलच्या चरित्रकाराने, चार्ल्स लेस्लीने सांगितलेली आहे. ती नेहमी बाहेर बसणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. मला त्यात दुसरंही दिसतं. बोमंटचं चित्र पाहिलेलं नसतं, तर हिरवळीवर काय ठेवायचं हे कॉन्स्टेबलला सुचलंच नसतं. ताईला हे सांगून पाहिलं. तिला पटलं नाही.

सर : बरं, व्हायोलिन राहू दे. दूरचं निळं, हे तर मान्य? लिओनार्दोनं हिशेबच घालून दिलाय. एखादी इमारत पाचपट दूर दाखवायची असेल, तर पाचपट निळी करा.

ताई : तिथेच तर सगळी फसगत आहे. हा नियम पाठ केलेला मुलगा डोंगरावर अल्ट्रामरीन थापतो आणि डोंगर मागे जायच्या ऐवजी अंगावर येतो. आधी निळं का होतं ते बघा ना. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये जी हवा आहे, तिच्यावर ऊन पडलेलं असतं. तीही उजळलेली असते. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चारपाच पटींनी जास्त विखुरतात. रॅलीनं हे गणित १८७१ मध्ये मांडलं. डोंगरावरच्या गर्द झाडीतून आपल्याकडे प्रकाश जवळजवळ येतच नाही, तेव्हा त्या जागी आपल्याला दिसतो तो मधल्या हवेचा प्रकाश. म्हणून दूरचा काळोख उजळतो आणि निळसर होतो. आता त्याच डोंगरावर चुन्यानं रंगवलेलं देऊळ असेल तर? त्याचा निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो, आणि देऊळ किंचित पिवळसर दिसतं. एकाच अंतरावर एक वस्तू निळी झाली, दुसरी पिवळी. नियमात हे कुठे बसतं?

सर : क्लोदच्या चित्रात बसतं. त्याच्या बंदरांच्या चित्रांत क्षितिज सोनेरीच आहे. शेबाच्या राणीचं प्रस्थान, १६४८. समोर समुद्रावर चक्क सूर्य.

ताई : होय, आणि सूर्य समोर आहे म्हणूनच ती हवा दिसते! धुक्याचे, बाष्पाचे कण रेणूंपेक्षा फार मोठे. ते प्रकाश विखुरतात तो बराचसा पुढच्या दिशेला. सूर्य समोर ठेवून बसलं की सगळं बाष्प पेटल्यासारखं दिसतं. सूर्य पाठीशी घेतला तर तोच देखावा सपाट. हे क्लोदला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. माळावर पडून मिळालं.

इथे सरांनी चष्मा काढला. आता ते आपला ठेवणीतला मुद्दा काढणार, हे ताईला माहीत होतं, मलाही.

सर : बाहेर बसलं की दिसतं, हे तू गृहीत धरतेस. दिसत नाही. डोळा फार लबाड आहे. पायाशी दगड बघताना तो दगडाशी जुळवून घेतो, डोंगराकडे वळला की डोंगराशी. प्रत्येक ठिकाणी त्याला सगळे बारकावे दिसतात, आणि नवशिका ते सगळे रंगवतो. दगडही ठळक, डोंगरही ठळक. शिवाय रंगांची ताकद किती? पांढऱ्यातला पांढरा रंग काळ्यातल्या काळ्याच्या वीसतीस पट उजळ, बस. बाहेर सावलीतला दगड आणि उन्हातला ढग यांत याच्या कितीतरी पट फरक, आणि सूर्य तर हिशेबातच नाही. म्हणजे बाहेरचं जसंच्या तसं उतरवणं अशक्य. तडजोड करावी लागते, आणि ती आधी ठरवावी लागते. त्यासाठी खोली.

ताई : मग ठरवा ना. पण रंगात नको.

सर : मी कधी रंगात म्हणालो? मुलांना मी पहिल्यांदा एकच रंग देतो. बर्न्ट अंबर आणि पांढरा. पांढऱ्यापासून काळपटापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी करायची. पुढच्या जमिनीला सगळ्या पायऱ्या वापरायची मुभा. मधल्या जमिनीला मधल्या चारपाच. दूरच्या डोंगराला आभाळालगतच्या दोन किंवा तीन, त्याहून एकही जास्त नाही. एवढं पाळलं की निळ्याचा थेंब न लावता डोंगर मागे जातो. एका रंगात जो मागे गेला नाही, तो निळ्यानंही जाणार नाही.

ताई : यावर माझं भांडण नाही.

सर : मग भांडण कशावर आहे?

ताई : पुढच्या पायरीवर. तुमच्या पट्टीतून कळतं की दूरचा डोंगर फिका. किती फिका, आणि कुठे फिका? मेणवलीहून हिवाळ्याच्या सकाळी पांडवगडाकडे बघा. माथ्याची रेघ स्वच्छ असते आणि पायथा गायब. बाष्प खाली साचतं, म्हणून डोंगर खालून विरतो. पट्टीवर शिकलेला मुलगा अख्खा डोंगर एकाच फिक्या रंगात भरतो, पत्र्याचा कापून लावावा तसा. जलरंगात आम्ही माथा कोरड्या कागदावर घेतो आणि खालची कड नुसत्या पाण्याच्या ब्रशनं सोडवतो. किती सोडवायची, ते त्या दिवशीची हवा सांगते. आणि हवा रोज वेगळी. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात धूळ धुतलेली असते, डोंगर हाताशी आल्यासारखे दिसतात. मे महिन्यात त्याच डोंगरांवर धुळीचा पिवळट-पांढरा पडदा असतो, निळा नावाला नाही. आर्थर सीटवरून सावित्रीच्या खोऱ्यात एकामागे एक रांगा बघितल्या, तर मधलीच एखादी रांग मागचीपेक्षा फिकी निघते, कारण तिच्या पायाशी धुकं अडकलेलं. इटलीतला क्रम इथे कसा लावणार? आबालाल रहिमानांनी कोल्हापूरला कोटितीर्थाचं पाणी रंगवलं. त्यात तुम्हाला इटली सापडते?

सर : आबालाल जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले होते, विसरू नकोस. त्या शाळेत युरोपीय शिस्त होती. ती अंगात मुरल्यावर ते कोटितीर्थावर गेले.

या फेरीत सर सरस ठरले, असं मला वाटतं. मात्र ताईच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनी दिलंही नाही. वळले ते थेट तैलरंगाच्या करामतीकडे. ती सांगण्यासारखी आहे.

सर : तुमच्या जलरंगात एक गोष्ट होत नाही. डोंगर आधी गडद रंगवायचा. पूर्ण वाळू द्यायचा. मग पांढऱ्यात थोडं तेल घालून त्याचा अगदी पातळ, दुधी हात वरून ओढायचा. स्कम्बल. खालचा गडद थर त्यातून दिसत राहतो आणि पांढरा असूनही वरचा थर निळसर वाटतो. निळा घातलेलाच नाही! मगाशी तू हवेचं जे सांगितलंस, काळोखासमोर उजळलेला पातळ पडदा, तेच इथे कॅनव्हासवर घडतं. जुन्यांना रॅली माहीत नव्हता, पण हे माहीत होतं. आता त्यांचा पांढरा शिशाचा होता, अर्धपारदर्शक. आजचा टायटॅनियम व्हाइट फार झाकतो, म्हणून तो अगदी चिमूटभर घ्यावा लागतो, नाहीतर धुक्याच्या जागी चुना.

ताई : हे मात्र मला आवडतं, सर. हे तुम्ही आम्हाला वर्गात का नाही दाखवलंत?

सर : थर वाळेपर्यंत थांबायला तयार कोण होतं तुमच्यात?

मग ताईने आपला हुकमाचा पत्ता टाकला. नार्नी.

ही गोष्ट नीट सांगायला हवी. फ्रान्समध्ये पिएर-आंरी द व्हालांसियेन नावाचा चित्रकार होता. अभिजात निसर्गचित्राचा कट्टर पुरस्कर्ता. त्याने १८०० साली यथादर्शनावर ग्रंथ लिहिला आणि त्यात निसर्गचित्र शिकणाऱ्यांना बजावलं, की बाहेर बसून अभ्यासचित्रं करा, पण दोन तासांपेक्षा जास्त वेळ एकावर घालवू नका, कारण तेवढ्यात उजेड बदलतो. आणि सूर्योदय-सूर्यास्ताला तर अर्धाच तास. ही अभ्यासचित्रं हातासाठी आणि स्मरणासाठी. लोकांना दाखवायचं चित्र घरी, रचून, पुराणातल्या नाहीतर इतिहासातल्या माणसांसह. त्याच्याच विचाराने पुढे ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी रोमचं सरकारी पारितोषिक सुरू झालं आणि १८१७ साली ते पहिल्यांदा मिशालों या तरुणाला मिळालं. मिशालों अकाली गेला, पण त्याआधी त्याने कामी कोरोला काही काळ शिकवलं. कोरो १८२५ साली इटलीला पोचला, आणि १८२६ च्या सप्टेंबरात नार्नी गावाजवळ नेरा नदीच्या काठी बसला. समोर सम्राट ऑगस्टसच्या काळातला मोडका पूल.

त्या बैठकीचं चित्र आज लूव्ह्रमध्ये आहे. कागदावर तैलरंग, जेमतेम ३४ बाय ४८ सेंटिमीटर. पुढची जमीन चारदोन फटकाऱ्यांत उरकलेली. नदी वळत येते, पूल मध्ये, आणि मागच्या डोंगरांपर्यंतचा सगळा मुलूख उन्हाने फिकटलेला. तोच पूल घेऊन कोरोने पॅरिसच्या १८२७ च्या सलोनसाठी मोठं चित्र रचलं. ते आता ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आकाराने साधारण दुप्पट लांब, दुप्पट रुंद. त्यात क्लोदला शोभेलशी पुढची जमीन आली, छत्रीसारखे पाइन आले, मेंढपाळ आणि जनावरं आली. पूल तोच.

ताई : दोन्ही शेजारी ठेवा आणि सांगा, हवा कशात आहे?

सर : कोरोनं सलोनला कुठलं पाठवलं?

ताई : मी काय विचारलं, सर?

सर : हवा पहिल्यात आहे. पण पहिल्या चित्रात तू उभी कुठे आहेस, ते सांग. पायाखाली जमीन नाही. तू पुलाकडे बघतेस ते अधांतरातून. दुसऱ्यात तुला उभं राहायला वाट आहे, वाटेवर माणसं आहेत, त्यांच्यामुळे पूल किती लांब ते कळतं. दोन तासांत हे होत नाही.

ताई : नाही होत. पण दुसऱ्या चित्रातला दूरचा डोंगर मला ठाऊक होता. तो आधी शंभरदा पाहिलेला डोंगर आहे. पहिल्यातला नव्हता.

सर यावर हसले. सर हसले की वाद मिटला असं नसतं, पण चहा येतो.

माझा कौल पहिल्या चित्राला. मात्र एक गोष्ट बाहेर बसणाऱ्यांनी सोयीने विसरू नये. नार्नीच्या काठावर बसलेला कोरो कोरा नव्हता. मिशालों आणि बेर्तां या दोन अभिजात शिक्षकांच्या हाताखाली तो घडला होता, आणि रंगाच्या आधी उजेड-अंधाराच्या पायऱ्या लावायची त्याची सवय आयुष्यभर टिकली. सरांची नऊ पायऱ्यांची पट्टी त्याच्या डोळ्यांत होती, म्हणून दोन तासांत डोंगर किती फिका हे त्याला ठरवता आलं. शिस्त खोलीतली, माप बाहेरचं. बाहेर गेलेला पण पट्टी न केलेला विद्यार्थी आणि पट्टी केलेला पण बाहेर न गेलेला विद्यार्थी, या दोघांत निवड करायची तर मी दुसऱ्याला जास्त आशा आहे म्हणेन. तो निदान उद्या बाहेर जाऊ शकतो. पहिल्याला आपलं काय चुकतंय हेच कळत नसतं.

मोबाइलवरच्या फोटोवरून शिकणाऱ्यांबद्दल या दोघांनी एक शब्दही काढला नाही. दोघांनाही तो प्रकार चर्चेच्या लायकीचा वाटत नाही. मी थोडा मवाळ आहे. तरी सांगतो, फोन आपण होऊन सावल्या उजळतो आणि दूरचे बारकावे ठळक करतो. म्हणजे अंतर ज्यामुळे दिसतं, नेमकं तेच तो पुसतो.

शिकायचंच असेल तर नार्नीची दोन्ही चित्रं छापून घ्या, काळ्या-पांढऱ्यात. शेजारी ठेवून डोळे किलकिले करा आणि पुढच्या जमिनीत, पुलात, मागच्या डोंगरात किती पायऱ्या वापरल्यात ते मोजा. मग एकच रंग, पाणी आणि कागद घेऊन सकाळी सूर्याकडे तोंड करून बसा. निळ्याची ट्यूब त्या दिवशी घरीच ठेवा.